आहाराच्या वहींतील मद्याचें खातें

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून आहाराची वही ठेवण्याचा प्रघात पडूं लागला आहे. ही वही बहुधा कागदाची नसते. ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असते. सकाळचा चहा, दोन पोळ्या, वाटीभर आमटी, मूदभर भात असें जें जें पोटांत जाईल तें तें तींत नोंदावयाचें, प्रत्येकाचे उष्मांक, म्हणजे ज्यांना आपण कॅलऱ्या म्हणतों ते, मांडावयाचे, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं बेरीज पाहावयाची. वजन वाढलेल्यांना व मधुमेह जडलेल्यांना डॉक्टर असा हिशेब ठेवण्यास सांगतात, आणि तो सल्ला उत्तम आहे. जें मोजलें जातें त्याकडे लक्ष राहतें.

परंतु या वह्यांत एक खातें पुष्कळदां कोरें राहतें. तें म्हणजे मद्याचें. चहांतील अर्धा चमचा साखर इमानेंइतबारें लिहिणारे गृहस्थ सायंकाळचा पेला मात्र लिहीत नाहींत. कांहींना तो लिहिण्याची लाज वाटते. कांहींना तें खाणें वाटतच नाहीं. पाण्यासारखा पातळ पदार्थ, त्याचा हिशेब कसला! आणि कांहीं इतके चतुर असतात कीं पेला लिहितात, पण त्याच्या बदल्यांत रात्रीची भाकरी व आमटी वगळतात, आणि बेरीज जुळली म्हणून समाधानानें निजतात. आज मला या तिन्ही प्रकारच्या गृहस्थांशीं बोलावयाचें आहे. आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या घरच्या मंडळींशीं. कारण स्वयंपाक आणि औषधपाणी यांची काळजी बहुतेक घरांत त्यांनाच वाहावी लागते.

हें मद्यपाननिषेधाचें व्याख्यान नव्हे, हें आधींच सांगून ठेवतों. तो विषय आम्हां रत्नागिरीकरांना नवीन नाहीं. याच गांवीं १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं १९०८ सालीं पुण्यांत दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे करण्याची चळवळ चालविली होती. तो उपदेश अधिकारी पुरुषांनीं करावा. मी वैद्यही नव्हे. मी मुलांना अंकगणित शिकविणारा जुना मास्तर आहें, आणि मला आपल्यापुढें केवळ एक उदाहरण सोडवून दाखवावयाचें आहे.

मद्यांत उष्मांक असतात हें ठरलें कसें? अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत मिडलटाउन नांवाच्या गांवीं वेस्लियन विद्यापीठ आहे. तेथें विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सहकाऱ्यांच्या मदतीनें एक विलक्षण पेटी बांधली. तींत एक माणूस कांहीं दिवस सुखानें राहूं शके. आंत जाणारें अन्न, बाहेर येणारा श्वास आणि शरीरांतून निघणारी उष्णता हीं सर्व काटेकोरपणें मोजण्याची तींत सोय होती. या पेटींतील माणसांना कांहीं दिवस साधें अन्न, तर कांहीं दिवस अन्नाच्या थोड्या भागाऐवजीं मद्यार्क देण्यांत आला. निष्कर्ष असा निघाला कीं मद्यार्क जवळजवळ सर्वच्या सर्व शरीरांत जळतो आणि त्याची उष्णता शरीराच्या जमेस धरावी लागते. हें प्रसिद्ध होतांच दारूबंदीचे पुरस्कर्ते ॲटवॉटरवर संतापले, आणि दारूचे व्यापारी त्याच्याच नांवानें आपल्या मालाची वाखाणणी करूं लागले. दोन्ही पक्षांनीं वहीचें एकेकच पान वाचलें होतें. दुसरें पान आपण पुढें पाहूं.

तूर्त आंकडे ध्यानांत घ्या. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारें ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम प्रथिनापासूनही तितकेच. एक ग्रॅम तुपापासून किंवा तेलापासून ९. आणि एक ग्रॅम मद्यार्कापासून ७. म्हणजे उष्मांकांच्या दृष्टीनें मद्यार्काची पायरी साखरेच्या बरीच वर आणि तुपाच्या खालोखाल लागते. पाण्यासारखें दिसणारें हें द्रव्य पाण्याच्या पंक्तीला बसविण्याजोगें नाहीं, एवढें यावरून सिद्ध होतें.

येथें एक व्यावहारिक अडचण उभी राहते. बिस्किटांच्या पुड्यावर उष्मांकांचा तक्ता छापलेला असतो. मद्याच्या बाटलीवर तो छापण्याची आपल्या देशांत सक्ती नाहीं. बाटलीवर सांपडतें तें मद्यार्काचें शेंकडा प्रमाण आणि आरोग्याविषयींची सूचना. तेव्हां उष्मांक आपले आपणच काढावयास हवेत, आणि तें काम इयत्ता पांचवींतील मुलाच्या आवांक्यांतलें आहे. बाटलीवरील प्रमाण घनफळाचें असतें. एक मिलिलिटर मद्यार्काचें वजन सुमारें ०·७९ ग्रॅम भरतें. त्यास ७ नीं गुणिलें म्हणजे साडेपांच उष्मांक होतात. शंभरास साडेपांचानें भागिलें तर भागाकार अठराच्या आसपास येतो. यावरून एक सोपी रीत निघते: जितके मिलिलिटर प्यालें असेल त्यास बाटलीवरील टक्क्यांनीं गुणावें आणि गुणाकारास अठरानें भागावें. उत्तर येईल तितके उष्मांक केवळ मद्यार्काचे.

ही रीत लावून पाहूं. आपल्याकडील व्हिस्की, रम वगैरे मद्यांच्या बाटलीवर बहुधा ४२·८ टक्के हा आंकडा असतो. मोठा पेग ६० मिलिलिटरचा. साठ गुणिलें ४२·८, भागिलें अठरा: उत्तर १४३. असे दोन पेग म्हणजे २८५. ज्याला क्वार्टर म्हणतात त्या १८० मिलिलिटरच्या बाटलींत ४२८ उष्मांक भरले. म्हणजे सुमारें दहा चहाचे चमचे तूप. बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. पांच टक्क्यांची असेल तर मद्यार्काचे १८० उष्मांक, आणि आठ टक्क्यांची कडक असेल तर २८९. बिअरमध्यें थोडे पिष्टमय अंशही शिल्लक असतात. त्यांचे ऐंशी ते शंभर उष्मांक निराळे मिळवावयाचे. द्राक्षाच्या बारा टक्के मद्याचा १५० मिलिलिटरचा पेला १०० उष्मांकांचा.

याशिवाय पेल्याचे सोबती. व्हिस्कींत साधें पाणी किंवा सोडा घातला तर हिशेबांत भर पडत नाहीं. पण गोड शीतपेय घातलें तर त्याच्या दर शंभर मिलिलिटरमागें साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर आली. गोमंतकांत फेणीबरोबर असें गोड पेय घेण्याची चाल आहे. मग चाखणा! ५० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे सुमारें २८० उष्मांक. दोन मोठ्या पेगांच्या बरोबरीचे. शेंगदाणे हें चांगलें अन्न आहे, पण मद्यानें भूक चाळवते आणि हात बशींत किती वेळां गेला याचें स्मरण राहत नाहीं. म्हणून पेला आणि चाखणा यांची नोंद बसण्यापूर्वीं करावी. उठल्यानंतर केलेली नोंद विश्वसनीय नसते.

आमच्या किनाऱ्यावर माडाची माडी काढतात. तिच्याविषयीं एक समज दूर करणें अवश्य आहे. माडाच्या पोयींतून ताजा निघालेला रस म्हणजे नीरा. ती गोड असते, कारण तींत साखर असते. हवेंतील किण्वाचा संसर्ग झाला कीं कांहीं तासांत ती आंबूं लागते आणि गोडी कमी होत जाते. मधुमेही गृहस्थ म्हणतात, "गोडी गेली, म्हणजे साखर गेली, आतां ही मला बाधणार नाहीं." साखर गेली हें खरें, पण गेली कोठें? ती किण्वानें खाल्ली आणि तिचा मद्यार्क केला. एक ग्रॅम साखरेपासून सुमारें अर्धा ग्रॅम मद्यार्क होतो, आणि मद्यार्काच्या एका ग्रॅमास उष्मांक जवळजवळ दुप्पट. अर्थात् मूळच्या उष्मांकांपैकीं बहुतेक सर्व तेथल्या तेथेंच राहिले. केवळ त्यांनीं वेष पालटला. सकाळची माडी आणि सायंकाळची माडी यांत चवीचा जितका फरक आहे तितका उष्मांकांचा नाहीं. शिवाय माडीच्या मडक्यावर टक्के छापलेले नसतात, म्हणून तिचा हिशेब नेहमीं वाढवूनच धरावा.

येथवर पहिल्या दोन प्रकारच्या गृहस्थांचें उत्तर झालें: पेला हें खाणें आहे, आणि तें लिहिलेंच पाहिजे. आतां तिसरे, म्हणजे पेल्याच्या बदल्यांत भाकरी वगळणारे. त्यांचा हिशेब वरकरणीं बिनचूक दिसतो. दोन मोठ्या पेगांचे २८५ उष्मांक. तांदळाची एक भाकरी आणि एक वाटी आमटी यांचेही साधारण तितकेच. मग बिघडलें काय?

बिघडलें हें कीं आहाराच्या वहीला एकच रकाना नसतो. भाकरी-आमटीबरोबर आठ-नऊ ग्रॅम प्रथिनें, थोडें लोह, थोडी जीवनसत्त्वें येणार होतीं. पेल्याबरोबर यांपैकीं कांहींच येत नाहीं. व्हिस्कीच्या पेल्यांत प्रथिनें शून्य, जीवनसत्त्वें शून्य. उष्मांकांचा रकाना जुळला, बाकीचे सर्व रकाने तुटींत गेले. हेंच ॲटवॉटरच्या वहीचें दुसरें पान. मद्यार्क शरीरांत जळतो एवढ्यावरून तो अन्न ठरत नाहीं. चुलींत रॉकेलही जळतें, पण त्यानें भांड्यांत भात पडत नाहीं.

दुसरें असें कीं मद्यार्क सांठवून ठेवण्यासाठीं शरीरांत कोठार नाहीं. पिष्टमय पदार्थांना थोडी जागा आहे, चरबीला तर पुष्कळच आहे; मद्यार्काचा निकाल यकृताला ताबडतोब लावावा लागतो. पंक्तींत आगंतुक पाहुणा आला कीं त्याला आधीं वाढून मोकळें करावें लागतें, आणि घरचीं माणसें ताटकळत बसतात, तसा हा प्रकार आहे. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क जाळूं शकतें. दोन मोठ्या पेगांत चाळीस ग्रॅम असतो. म्हणजे चार ते सहा तास तो पाहुणा पाटावर आहे, आणि तेवढा वेळ चरबी जळण्याचें काम मंदावतें. स्वित्झर्लंडमध्यें १९९२ सालीं ॲटवॉटरसारख्याच, पण आधुनिक, खोलींत माणसें ठेवून हें मोजण्यांत आलें. मद्यार्क अन्नाच्या जोडीला दिला तेव्हां आणि अन्नाऐवजीं दिला तेव्हां, दोन्ही वेळीं शरीरांत चरबी जळण्याचें प्रमाण बरेंच घटलेलें आढळलें. पोट कमी करण्यासाठीं भाकरी टाकून पेला धरणाऱ्यानें या निष्कर्षाचा अवश्य विचार करावा.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो: "मद्यांत एवढे उष्मांक असतील, तर अट्टल दारुडे हाडाचे सांपळे कां दिसतात?" आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तरच माझा मुद्दा सिद्ध करतें. जो माणूस जेवून वर पितो त्याचें पोट सुटतें. जो जेवणाऐवजीं पितो त्याचे स्नायू झिजतात. त्यांतही ब-१ जीवनसत्त्वाची हानि विशेष होते, कारण मद्यानें त्याचें शोषणही कमी होतें. आम्हां कोंकणस्थांचें मुख्य अन्न भात. पांढऱ्या सडलेल्या तांदळांत हें जीवनसत्त्व मुळांतच थोडें; उकड्या तांदळांत तें बरेंच टिकतें, कारण भात उकडतांना कोंड्यांतील अंश दाण्यांत उतरतो. याच जीवनसत्त्वाच्या अभावीं होणाऱ्या बेरीबेरी रोगाच्या शोधासाठीं रॉबर्ट मॅक्करिसन यांनीं १९१८ सालीं कुन्नूर येथें जें लहानसें काम आरंभिलें, त्यांतूनच पुढें हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. रोज पिणाऱ्या आणि जेवण टाळणाऱ्या माणसाला या जीवनसत्त्वाची एवढी तूट येऊं शकते कीं चालतांना तोल जातो, नजर स्थिर राहत नाहीं, स्मृति जाते. आणि घरचे समजतात कीं ही नशाच आहे.

आतां जो भाग सांगण्यासाठीं मी मुख्यतः हें भाषण पत्करलें, तो सांगतों. आपल्या घरांत कोणी मधुमेही इन्सुलिन टोंचून घेत असेल, किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरविणारी गोळी घेत असेल, आणि तो मद्यही घेत असेल, तर भाकरी आणि पेला यांची अदलाबदल त्याच्या जिवावर बेतूं शकते. उपाशीपोटीं रक्तांतील साखर सांभाळण्याचें काम यकृत करतें. तें नवी साखर तयार करून रक्तांत सोडतें. मद्यार्काचा निकाल लावण्यांत गुंतलेल्या यकृताला हें काम नीट करतां येत नाहीं. औषध साखर खालीं ओढीत आहे, जेवण झालेलें नाहीं, आणि यकृत वर ढकलूं शकत नाहीं, अशी तिहेरी ओढ लागते. साखर धोक्याच्या पातळीखालीं जाते, तीही कित्येकदां त्याच वेळीं नव्हे, तर मध्यरात्रीं किंवा दुसऱ्या दिवशीं पहांटे.

आणि यांतील भयंकर गोष्ट ही कीं साखर उतरल्याचीं लक्षणें व नशेचीं लक्षणें सारखींच दिसतात. घाम, हातांचा कंप, असंबद्ध बोलणें, झोकांड्या, सुस्ती. तोंडाला वास येत असतो. घरचीं माणसें उद्वेगानें म्हणतात, "प्यायला आहे, पडूं द्या." अशा वेळीं कृपा करून पडूं देऊं नका. साखर मोजण्याचें यंत्र घरांत असेल तर ताबडतोब मोजा. नसेल, आणि माणूस शुद्धीवर असून गिळूं शकत असेल, तर साखरेचें पाणी पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं घालूं नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, आणि हा मधुमेही आहे, अमुक औषध घेतो, हें आल्या मंडळींना प्रथम सांगा. राग दुसऱ्या दिवशीं काढतां येतो.

मद्य हें औषध आहे अशी एक जुनी समजूत आपल्या राज्यांत कायद्याच्या आश्रयानेंही टिकून राहिली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें सर्वांना बंदी केली, पण प्रकृतीच्या कारणासाठीं परवाना मिळण्याची वाट त्या कायद्याच्या व्यवस्थेंत राहिली. आजही महाराष्ट्रांत 'परमिट रूम' ही पाटी आढळते ती त्याच व्यवस्थेची खूण आहे. परंतु वैद्यकाचें मत आतां पुष्कळ पुढें गेलें आहे. मद्य हें कर्करोगाचें कारण आहे असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ सालींच नमूद केलें. आणि जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें जाहीर केलें कीं आरोग्यास निर्धोक म्हणतां येईल असें मद्याचें कोणतेंही प्रमाण नाहीं. तेव्हां आपल्या वहींत मद्य औषधाच्या खात्यावर घालूं नये. तें खर्चाचें खातें आहे.

आणखी एक चूक सरासरीची. आषाढाच्या अमावास्येला यथेच्छ पिऊन श्रावणभर पेल्याला न शिवणारे गृहस्थ आपण पाहतों. महिन्याची सरासरी काढली तर ती अगदीं माफक येते. पण यकृताला आणि हृदयाला सरासरी समजत नाहीं. त्यांच्यावर त्या रात्रीं जो भार पडला तो पडलाच. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे असें ऐकून पाण्यांत उतरणारा मनुष्य डोहांत बुडतो. म्हणून वहींत दिवसाची नोंद त्या दिवसासच राहूं द्यावी.

तात्पर्य थोडक्यांत सांगतों. जे पीत नाहींत त्यांनीं उष्मांकांसाठीं किंवा प्रकृतीसाठीं म्हणून आरंभ करण्याचें कारण नाहीं. जे घेतात त्यांनीं पेला डोळ्यांच्या अदमासानें न भरतां मापानें भरावा. मिलिलिटर आणि टक्के यांचा गुणाकार करून अठरानें भागावें. उत्तर वहींत स्वतंत्र रकान्यांत लिहावें. तो रकाना भाकरीच्या, आमटीच्या किंवा भाजीच्या रकान्यांतून वळता करूं नये. उष्मांक कमी करावयाचेच असतील तर ते पेल्यांतून आणि चाखण्याच्या बशींतून करावेत. जेवण आहे तसें राहूं द्यावें. मधुमेह किंवा यकृताचा विकार असणारांनीं आपला खरा आंकडा डॉक्टरांपासून लपवूं नये, कारण डॉक्टर औषधाचें माप त्या आंकड्यावरूनच ठरवितात. आणि जे वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पीत आले आहेत त्यांनीं हें ऐकून उद्यां सकाळीं एकदम बंद करूं नये; त्यानें झटके येऊं शकतात. बंद अवश्य करावें, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीं.

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतांना माझा एक नियम असे: उत्तर बरोबर आलें तरी मधल्या पायऱ्या दाखविल्या नसतील तर पूर्ण गुण द्यावयाचे नाहींत. आहाराच्या वहीलाही तोच नियम लावावा. रात्रीची बेरीज जुळते कीं नाहीं एवढेंच न पाहतां ती कशाकशाची बनली आहे तें पाहावें. आणि घरांतील ज्या व्यक्तीच्या हातीं पोळपाट व औषधाचा डबा आहे, तिलाही ती वही मोकळेपणीं पाहूं द्यावी.